मूठ सुटायला किती पुरेल?

त्या पेशी आमच्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा नळीवर नाव नव्हतं, फक्त एक क्रमांक होता. सोबतच्या कागदावर एवढंच: स्त्री, वय 44, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी प्रकार 1, नमुना नडगीजवळच्या स्नायूचा. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून नळी काढली, 37 अंशांच्या पाण्यात धरली आणि मिनिटभरात आतला बर्फ विरघळला. 2016 साल होतं आणि मी नुकतीच संशोधनाला लागले होते. ज्या बाईंनी नडगीत सुई खुपसून घेऊन हा एवढासा तुकडा दिला, त्या कोण हे मला कधीच कळणार नव्हतं. नियमच तसा आहे. पण पुढची चार वर्षं मी रोज सकाळी आधी त्यांच्या पेशी बघायचे आणि मग बाकीची कामं.

या आजाराची ओळख बहुतेकांना हातातून होते. माणूस मूठ आवळतो आणि ती लगेच सुटत नाही. दाराची मूठ धरली की हात तिथेच राहतो. डॉक्टरी भाषेत याला मायोटोनिया म्हणतात. सोबत स्नायू हळूहळू झिजतात, तरुणपणी मोतीबिंदू होतो, हृदयाचे ठोके चुकतात, दिवसा आवरणार नाही अशी झोप येते. मूळ दोष 1992 मध्ये सापडला. 19 व्या गुणसूत्रावर डीएमपीके नावाचा जनुक आहे, त्याच्या शेपटाकडे सीटीजी ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. निरोगी माणसात ती 37 वेळांपर्यंत येतात. 50 च्या पुढे गेली की आजार, आणि काहींमध्ये हा आकडा हजारांत जातो. तोही एका जागी स्थिर राहत नाही. रक्ताच्या तपासणीत काही शे दिसतात तेव्हा त्याच माणसाच्या स्नायूत हजारो असू शकतात. पिढीगणिक ही माळ लांबत जाते.

मला या आजाराने धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. ही माळ जनुकाच्या ज्या भागात आहे, त्यापासून प्रथिन बनतच नाही. म्हणजे प्रथिनाचा नकाशा शाबूत आहे. बिघाड करतो तो आरएनए, मधली नक्कल. आरएनएत टीच्या जागी यू येतो, म्हणून सीटीजीची तिथे सीयूजी होते. ही सीयूजीची लांब माळ स्वतःवरच दुमडते आणि केसांच्या आकड्यासारखी होऊन केंद्रकात अडकून बसते. मसलब्लाइंड नावाची प्रथिनं तिला जाऊन चिकटतात आणि सुटत नाहीत. या प्रथिनांचं खरं काम स्प्लायसिंगवर लक्ष ठेवणं: जनुकाच्या नकलेतले कुठले तुकडे ठेवायचे, कुठले वगळायचे, हे प्रौढ स्नायूला शोभेल असं ठरवणं. ती अडकली की प्रौढ स्नायू पुन्हा गर्भातल्या बाळाच्या पद्धतीने तुकडे जोडू लागतो. स्नायूला सैल पडायला क्लोराइडचे चॅनेल लागतात. त्यांच्या संदेशात 7ए नावाचा एक नको असलेला तुकडा शिरतो, प्रथिन अर्ध्यावर थांबतं, चॅनेल बनत नाही आणि मूठ सुटत नाही.

एवढी सरळ साखळी कळल्यावर वाटतं, मग काय, त्या माळेवर कुलूप लावलं की झालं. सीयूजीला जुळणारी अक्षरं म्हणजे सीएजी. सीएजीची एक छोटी पट्टी बनवायची, ती माळेवर जाऊन बसेल, प्रथिनं मोकळी होतील. कागदावर हे खरोखर इतकं सोपं आहे. आणि 2009 मध्ये उंदरांच्या स्नायूत हे करूनही दाखवलं गेलं होतं.

पेशी वाढवायचं काम मात्र संयमाचं. आधी त्यांना भरपूर सीरम घातलेल्या मीडियममध्ये वाढू द्यायचं. ताटलीचा तळ भरला की सीरम एकदम कमी करायचं. खाणं कमी झालं की त्या वाढणं सोडून एकमेकींत मिसळायला लागतात आणि चार-सहा दिवसांत लांबच लांब, अनेक केंद्रकांच्या नळ्या होतात. हे मिसळणं सूक्ष्मदर्शकाखाली बघताना मला प्रत्येक वेळी भरून यायचं. त्या बाईंच्या शरीराबाहेर, एका प्लॅस्टिकच्या ताटलीत, त्यांचा स्नायू स्वतःला घडवत होता. मग त्या पेशींवर सीएजीचा चमकणारा प्रोब टाकायचा. निळ्या केंद्रकांत लाल ठिपके उजळतात. तेच ते अडकलेले आरएनए. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी खोलीतला दिवा लावायचं विसरून कितीतरी वेळ तशीच अंधारात बसले होते.

आमचा पहिला रेणू 21 अक्षरांचा होता: सीएजी सात वेळा. त्याच्या कण्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे तो चरबीच्या थेंबांत गुंडाळून पेशीत शिरवता येतो. तिसऱ्याच प्रयत्नात लाल ठिपके निम्म्याहून कमी झाले. मी तीनदा मोजले. रात्री उशिरा सरांना चित्रं पाठवली आणि सकाळच्या बैठकीसाठी स्लाइडही करून ठेवली.

सरांनी चित्रं शांतपणे बघितली आणि विचारलं, "हीच अक्षरं विस्कटून बनवलेला तुकडा टाकून बघितलास का?"

"नाही सर. फक्त औषध न दिलेल्या पेशींशी तुलना केली."

"मग आधी तो टाक. तोपर्यंत ही स्लाइड कुणाला दाखवू नकोस."

विस्कटलेला तुकडा टाकला. त्यानेही ठिपके तितकेच कमी झाले. ज्या तुकड्याचा त्या माळेशी काडीचा संबंध नाही, तोही 'काम' करत होता. कारण शोधायला दोन आठवडे गेले. चरबीचे थेंब पेशींना सोसत नव्हते. उत्तम वाढलेल्या नळ्या आधी मरत होत्या, आणि मरायला टेकलेल्या पेशीत आरएनएच कमी तयार होतो. ठिपके कमी झाले होते कारण पेशी मरत होत्या. मी त्या बाईंचा स्नायू मारत होते आणि तो बरा होतोय असं समजत होते. या एका गोष्टीची टोचणी मला अजून आहे. तेव्हापासून ठिपके मोजायच्या आधी मेलेल्या पेशी मोजायची सवय लागली. कुठली काच कशाची हे मोजताना मला कळू नये म्हणून सहकारी मैत्रीण त्यावर सांकेतिक क्रमांक घालायची आणि यादी पाकिटात बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवायची. सगळी मोजणी संपल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. आपल्याला जे हवं असतं ते डोळ्यांना दिसतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवलं होतं.

मग आम्ही मॉर्फोलिनोकडे वळलो. तो विद्युतभार नसलेला रेणू, पेशींना फार कमी त्रास देतो आणि शरीरातली विकरं (एन्झाइम) त्याला तोडू शकत नाहीत. पेशीत शिरताना मात्र अडतो. त्याच्याबद्दल त्या वर्षी सगळीकडे बोललं जात होतं, कारण सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ड्युशेन स्नायूआजारासाठी एटेप्लिरसेन या मॉर्फोलिनोला मान्यता दिली होती. ड्युशेनमध्ये डिस्ट्रोफिन हे प्रथिन बनत नाही. हे औषध जनुकाचा 51 वा तुकडा वगळायला लावतं, मग तोकडं का होईना पण प्रथिन तयार होतं. साधारण 13 टक्के रुग्णांच्या दोषाला ते लागू पडतं. त्या मान्यतेवरून तज्ज्ञांत कडाक्याचा वाद झाला. 180 आठवड्यांनंतर स्नायूत सापडलेलं डिस्ट्रोफिन निरोगी माणसाच्या सरासरी 0.93 टक्के होतं. एक टक्कासुद्धा नाही. ते पुरेसं आहे का? प्रश्न तेव्हा दुसऱ्यांचा वाटला होता.

आणि जानेवारी 2017 मध्ये आमच्याच आजारावरची बातमी आली. आयोनिस कंपनीचं डीएमपीकेच्या आरएनएलाच तोडणारं औषध रुग्णांवर तपासलं जात होतं. उंदरांत त्या जातीच्या रेणूंनी कमाल केली होती, उपचार थांबवल्यावरही परिणाम वर्षभर टिकला होता. माणसांत ते स्नायूपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचलंच नाही आणि कंपनीने त्या रेणूवरचं काम पुढे न्यायचं नाही असं ठरवलं. त्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी फारसं बोललं नाही. रेणू चुकीचा नव्हता, साखळी चुकीची नव्हती. फक्त माणसाचं अंग मोठं आहे, त्यातला फार मोठा वाटा स्नायूंचा आहे, आणि प्रत्येक तंतूपर्यंत औषध जायला हवं.

उंदरांकडे आम्ही प्राणिनीती समितीची परवानगी मिळाल्यावरच गेलो. हे उंदीर खास आहेत. 2000 साली ते पहिल्यांदा तयार केले गेले. त्यांच्या स्नायूत मानवी अ‍ॅक्टिनचा जनुक घातलेला असतो आणि त्याच्या शेपटाला सीटीजीची सुमारे अडीचशे वेळा येणारी माळ. डीएमपीकेचा रुग्णांमधला दोष त्यांच्यात नाहीच. म्हणून डीएमपीकेच्या इतर अक्षरांवर बेतलेलं औषध या उंदरांत तपासता येत नाही. आमचा रेणू माळेलाच चिकटणारा, त्यामुळे रुग्णाच्या पेशी आणि हे उंदीर दोन्हीकडे चालणारा. उंदीर पांढरेशुभ्र. लांबून बघितलं तर त्यांना काही झालंय असं वाटतच नाही. बसलेला उंदीर दचकून उठला की मागचे पाय क्षणभर ताठ राहतात, एवढंच.

आजार ऐकू येतो तो सुईतून. भूल दिलेल्या उंदराच्या स्नायूत बारीक सुई घालायची आणि तिला ध्वनिवर्धक जोडायचा. निरोगी स्नायूत सुई हलवली की खरखर होते आणि लगेच शांत. मायोटोनियाच्या स्नायूत आवाज सुरू होतो आणि चढत-उतरत राहतो, जणू विमान वरून झेप घेत खाली येतंय आणि पुन्हा वर जातंय. सुई थांबली तरी स्नायू थांबत नाही. दहा-बारा ठिकाणी सुई घालायची आणि शून्य ते तीन गुण द्यायचे: एकदाही आवाज नाही तर शून्य, जवळपास प्रत्येक ठिकाणी आवाज तर तीन. पहिल्या दिवशी मी घरी गेले तरी तो आवाज कानातून जाईना. हेच माणसाच्या हातात होत असतं. फक्त तिथे ते कुणाला ऐकू येत नाही.

पहिला प्रयोग एका पायावर औषध, दुसऱ्या पायावर मिठाचं पाणी असा. नडगीच्या स्नायूत टोचायचं आणि वरून विजेचे हलके झटके द्यायचे, म्हणजे तंतूंची आवरणं क्षणभर सैल होऊन रेणू आत शिरतो. कुठल्या पायात काय, हे मैत्रिणीने चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. तीन आठवड्यांनी मी सुई घेऊन बसले. पहिल्या उंदराच्या डाव्या पायात विमानाचा आवाज. उजव्या पायात सुई घातली, हलवली, थोडी पुढे नेली. खरखर, आणि शांतता. पुन्हा घातली. शांतता. मला वाटलं तार निसटली. यंत्र तपासलं, डाव्या पायात पुन्हा घातली, तिथे आवाज आला. उजव्या पायात शांतता.

सगळे उंदीर संपेपर्यंत मी काही बोलले नाही. पाकीट उघडलं तेव्हा मैत्रिणीनेच आधी वाचलं आणि माझा हात धरला. औषधाचे पाय शांत होते, पाण्याचे बोलत होते. एकही अपवाद नव्हता. नंतर त्या स्नायूंचा आरएनए काढून जेलवर, म्हणजे लांबीप्रमाणे तुकडे वेगळे करणाऱ्या थरावर, चालवला, तर 7ए घुसलेला पट्टा जवळपास दिसेनासा झालेला. स्प्लायसिंग प्रौढ वळणावर आलं होतं.

पण कुणा माणसाच्या प्रत्येक स्नायूत सुई टोचून विजेचे झटके देता येत नाहीत. तोच रेणू शेपटीच्या शिरेतून दिला. काहीच झालं नाही. मात्रा वाढवली, तरी काही नाही. मॉर्फोलिनो काही तासांत रक्तातून मूत्रपिंडांकडे आणि तिथून लघवीत गेला. ड्युशेनमध्ये तो चालतो, भले थोडा, त्याचं एक मोठं कारण हे की तिथे डिस्ट्रोफिन नसल्याने तंतूंची आवरणं फाटकी असतात आणि रेणू त्या फटींतून शिरतो. आमच्या आजारात आवरण धड असतं. म्हणजे आजाराने स्नायू जितका फाटलेला, तितकं औषध आत जाणार, आणि जो अजून शाबूत आहे, जिथे वाचवायला सगळ्यात जास्त काही आहे, तिथे दार बंद. मला हे फार अन्यायाचं वाटलं. अजूनही वाटतं.

दार उघडायला आम्ही रेणूला पेप्टाइड जोडलं, आर्जिनिन भरपूर असलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी. तिच्यावरच्या धनभारामुळे ती पेशीच्या आवरणाला चिकटते आणि रेणूला ओढून आत नेते. मूळ कल्पना आमची नव्हती. ड्युशेनच्या उंदरांवर ती आधीच वापरली गेली होती, आणि 2019 मध्ये दुसऱ्या एका गटाने आमच्याच जातीच्या उंदरांत याच वाटेने मिळवलेलं यश छापलंही. ते वाचून मी दोन दिवस उदास होते. मग लक्षात आलं की आमच्या जेलवर दिसलं ते त्यांच्याही जेलवर दिसलंय. दोन वेगळ्या खोल्यांत, एकमेकांना न विचारता. आमच्या निष्कर्षाला याहून चांगला दुजोरा मला मिळाला नसता.

पेप्टाइड जोडलेला रेणू शिरेतून दिला आणि उंदराचं सगळं अंग शांत झालं. मांडी, पोटरी, पाठ. मी सुई घालत होते आणि यंत्र गप्प होतं. त्या दुपारी सर स्वतः येऊन शेजारी उभे राहिले आणि चार उंदीर होईपर्यंत एक शब्द न बोलता ऐकत राहिले.

आठवडाभराने प्राणिगृह सांभाळणाऱ्या काकांनी निरोप पाठवला, "तुमचे तीन पिंजरे जरा बघून जा." जास्त मात्रा दिलेले उंदीर कोपऱ्यात अंग आक्रसून बसले होते. वजन उतरलं होतं. रक्तातला युरिया वाढलेला. मूत्रपिंडाचे काप करून बघितले तर नलिकांच्या पेशी सुजलेल्या. जो धनभार स्नायूचं दार उघडत होता, तोच मूत्रपिंडात साठून त्रास देत होता. पुढे ड्युशेनसाठीच्या पेप्टाइड जोडलेल्या एका औषधाच्या मानवी चाचणीत रुग्णांच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरलं, तेव्हा मला त्या तीन पिंजऱ्यांची आठवण झाली. काकांनी रोज पाणी बदलताना ज्या नजरेने उंदीर बघितले, ती नजर नसती तर आम्हाला आठवडाभर उशिराच कळलं असतं. प्रयोगाच्या वहीत त्यांचं नाव मी लिहिलं.

याच काळात रुग्णांच्या एका मेळाव्यात आम्हाला बोलावलं होतं. मी सोप्या भाषेत दहा मिनिटं बोलले. नंतर एक बाई पुढे आल्या, पन्नाशीच्या असतील. त्यांनी हात पुढे केला, मी हातात हात दिला आणि माझा हात अडकला. चार वर्षं जे मी ठिपक्यांत, पट्ट्यांत आणि आवाजात बघत होते ते आता माझ्या बोटांभोवती होतं, ऊबदार आणि घट्ट.

"घाबरू नकोस गं," त्या म्हणाल्या, "सुटेल आपोआप. पहिल्यांदाच असं होतं. चार वेळा उघडझाप केली की मोकळा होतो."

आम्ही बाजूला बसलो. वडिलांना नुसता मोतीबिंदू होता, तेव्हा कुणालाच संशय आला नाही, त्या सांगत होत्या. त्यांना स्वतःला विशीत मूठ अडकायला लागली. मुलाला शाळेतच. तो आता चालताना अडखळतो आणि वर्गात झोपतो. मुठीचं त्यांना फारसं वाटत नव्हतं, झोपेचं वाटत होतं. मुलाच्या जास्त. मला सांगावं लागलं की ती झोप मेंदूतून येते आणि आमचा रेणू मेंदूपर्यंत जात नाही. त्यांनी मान हलवली. "मग ते दुसरं कुणीतरी करत असेल ना?" मी हो म्हटलं. ते खरं होतं, पण म्हणताना घसा दाटला.

मग त्यांनी विचारलं, "तुमचा उंदीर पूर्ण बरा होतो का?"

"हो, पण जितक्या औषधाने पूर्ण बरा होतो, तितकं मूत्रपिंडाला झेपत नाही."

"पूर्ण कशाला हवा? बाटलीचं झाकण फिरवता आलं, जिन्यात पाय ताठला नाही, तरी माझं पुष्कळ होईल. कमी देऊन बघितलंत का?"

आम्ही बघितलं नव्हतं. म्हणजे कमी मात्रा दिल्या होत्या, पण त्यांत विमानाचा आवाज थोडा उरतो म्हणून त्या 'अपुऱ्या' या रकान्यात टाकल्या होत्या. रकाना मीच आखला होता. शून्य गुण म्हणजे यश, एक म्हणजे अपयश. परत येताना मी जन्मजात मायोटोनियाचा विचार करत होते. क्लोराइड चॅनेलच्या जनुकातच दोष असलेला तो वेगळा आजार. त्याच्या एका प्रकारात आईवडील फक्त वाहक असतात, त्यांच्यात चांगली प्रत एकच. म्हणजे धड चॅनेल साधारण निम्मेच. आणि तरी त्यांचा हात सहसा अडकत नाही. निम्म्यावर मूठ सुटते हे पुस्तकात कधीचं लिहिलेलं होतं. मी ते परीक्षेसाठी पाठही केलं होतं. त्या बाईंनी विचारेपर्यंत ते माझ्या प्रयोगाला जोडायचं सुचलं नव्हतं. 0.93 टक्क्यांचा वाद दुसऱ्यांचा नव्हता. किती पुरेल, हा प्रश्न आमचाही पहिला असायला हवा होता.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. "क्लोराइडला निम्मं पुरेल," ते म्हणाले. "हृदयाला किती, माहीत नाही. बाकीच्या शंभर संदेशांना किती, तेही नाही. पण हे विचारून बघायलाच हवं."

आम्ही अर्धी मात्रा घेतली आणि दोन डोसांतलं अंतर दुप्पट केलं. बारा आठवडे. ठिपके, पट्टे, सुई, सगळं पुन्हा, पाकीट बंद. या वेळी यंत्र पूर्ण गप्प नव्हतं. कुठे छोटासा आवाज उठायचा, दोन-तीन झेपा घ्यायचा आणि विरायचा. कित्येक ठिकाणी नुसती खरखर. जेलवर दोन्ही पट्टे दिसत होते, प्रौढ वळणाचा जाड, गर्भाच्या वळणाचा फिका. काकांकडून निरोप आला नाही म्हणून मीच जाऊन पिंजरे बघितले. उंदीर भुस्सा उकरत होते. युरिया बाराव्या आठवड्यालाही नेहमीच्या मर्यादेत. मूत्रपिंडाच्या कापांत मला काही सापडलं नाही, आणि माझ्यावर भरवसा नको म्हणून आम्ही ते विकृतिशास्त्राच्या एका तज्ज्ञाकडे, कुठला गट कोणता हे न सांगता, दिले. त्यांनाही नाही सापडलं.

तोपर्यंत बाहेर बरंच पुढे गेलं होतं. लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनला पकडणारं प्रथिन (रिसेप्टर) स्नायूच्या पेशींवर असतं. त्याला धरणाऱ्या अँटिबॉडीच्या पाठीवर आरएनए-औषध बसवून ते आत न्यायचं, अशी वाट काहींनी काढली. रुग्णांच्या स्नायूच्या तुकड्यांत डीएमपीकेचा आरएनए सरासरी 40 टक्क्यांच्या आसपास घटल्याचं त्यांनी दाखवलं, आणि मूठ उघडायला लागणारा वेळ व्हिडिओवर मोजला. मी ते आकडे वाचले तेव्हा पहिला विचार त्या बाईंचाच आला. 40 टक्के. पूर्ण नाही. मूठ मात्र लवकर उघडत होती. आमचा रेणू कदाचित कधीच औषध होणार नाही, त्याच्याहून चांगली वाहनं आली आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. किती पुरतं हे कुठल्याही वाहनाला विचारावंच लागणार आहे, आणि ते आमच्या उंदरांत विचारता येतं.

अर्ध्या मात्रेचे निकाल बघून सर म्हणाले, "आता पाव लावून बघू." मी नव्या पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसले. तारीख लिहिली, जात लिहिली, बारा आठवडे लिहिलं. गटाची जागा कोरी सोडून चिठ्ठ्या मैत्रिणीच्या टेबलावर ठेवल्या.